पहिलें भांडवल कोठून आणावें?

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीच्या बाजूस गेलें, म्हणजे सातपुड्याच्या रांगांत काठी नांवाचें गांव लागतें. पश्चिम खानदेशांतील जुन्या मेवासी संस्थानांपैकी एकाचें हें ठिकाण. आज तें नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें, आणि हा जिल्हा १९९८ सालीं १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यापासून वेगळा झाला. काठीचें नांव दूरवर गाजलें तें तेथील राजवाडी होळीमुळें. उंच बांबू उभा करावयाचा, रात्रभर ढोल वाजावयाचे, पाड्यापाड्यांतून आलेल्या लोकांनीं फेर धरावयाचा आणि पहांटे होळी पेटवावयाची, असा तेथील परिपाठ आहे. पोटासाठीं गुजराथेंत व सपाटीच्या मुलुखांत गेलेलीं माणसें या होळीसाठीं आवर्जून घरीं परततात.

होळी विझते, तोंवर डोंगरांतील आंब्यांस कैऱ्या धरूं लागलेल्या असतात. होळीसाठीं परत आलेल्या एखाद्या कुटुंबानें पुन्हां मजुरीची वाट न धरतां आपल्या दारच्या कैरीवर लहानसा धंदा उभारावयाचें मनांत आणलें, तर त्यास लागणारें पहिलें भांडवल कोठून मिळावें, एवढाच प्रश्न मीं आज आपल्यापुढें विचारासाठीं घेतला आहे. प्रश्न काठीचा असला, तरी ज्याच्यापाशीं कसब आहे पण गांठीं पैसा नाहीं, अशा कोणत्याहि माणसाचा तो आहे.

प्रथम धंद्याची रीत पाहूं. ज्यास आपण घरांत आंबोशी म्हणतों, त्या वाळविलेल्या कैरीच्या फोडींस या भागांतील बाजारांत आमचूर असेंच म्हणतात. कैरी उतरवावयाची, तिची साल काढावयाची, कोय वेगळी करून फोडी पाडावयाच्या आणि त्या कडक उन्हांत वाळवावयाच्या. घरांतील लहानथोर सर्व माणसें या कामाला लागतात. झाड रानांतलें किंवा बांधावरचें, ऊन फुकटचें, आणि हत्यार म्हणजे एक सुरी. मग यास भांडवल कशाला हवें, असें कोणीहि विचारील.

त्याचें उत्तर असें कीं, येथें भांडवल लागतें तें माल तयार करण्यास नव्हे, तयार झालेला माल घरांत ठेवण्यास लागतें. वैशाखाच्या सुमारास फोडी वाळतात. त्याच वेळीं मृगासाठीं बियाणें आणावयाचें असतें, घराची शाकारणी करावयाची असते आणि पावसाळ्यासाठीं धान्याची बेगमी करावयाची असते. ज्या आठवड्यांत प्रत्येक घरीं आमचूर असतो, त्याच आठवड्यांत प्रत्येक घरास रोकड हवी असते. सगळे विकणारे एकदम बाजारांत उतरले, कीं भाव खालीं बसणार हें सांगावयास नको. श्रावण-भाद्रपदांत त्याच मालाची किंमत वाढली, तरी ती वाढ कैरी सोलणाऱ्या हातांपर्यंत येत नाहीं. ती ज्यास थांबतां येतें त्याची होते. भांडवल म्हणजे थांबण्याची ऐपत, अशी त्याची व्याख्या केली, तर या धंद्यापुरती ती चुकीची ठरणार नाहीं.

आज ही ऐपत कोण पुरवितो? बहुधा व्यापारीच पुरवितो. हिंवाळ्यांत घरीं आजारपण निघालें, लग्न निघालें, कीं त्याच्याकडून उचल घ्यावयाची, आणि हंगामांत माल त्यालाच घालावयाचा. व्यापाऱ्यास दूषण देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु तो कागद मागत नाहीं, ताटकळत ठेवीत नाहीं आणि रात्रीं दार ठोठावलें तरी पैसे देतो, हेंहि खरें आहे. त्याच्या जागीं दुसरी कोणती सोय उभी करावयाची असेल, तर तिच्यांतहि हे गुण असावे लागतील.

तथापि या उचलीची किंमत काय पडते, याचा हिशेब एकदां मांडून पाहावा. पुढील आंकडे बाजारभावाचे नाहींत. केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. समजा, एका बाईनें पौषांत १०,००० रुपये उचल घेतली आणि पांच महिन्यांनीं एक क्विंटल आमचूर त्या व्यापाऱ्यास घातला. बाजारांत भाव किलोस २०० रुपये आहे; उचलीपायीं तिला १६० रुपयांनीं माल द्यावा लागला. शंभर किलोंमागें ४,००० रुपये गेले. व्याज म्हणून तिनें एक पैसाहि दिलेला नाहीं, म्हणून ती म्हणेल कीं, मला पैसे बिनव्याजी मिळाले. परंतु दहा हजारांवर पांच महिन्यांत चार हजार, म्हणजे दरसाल दरशेंकडा ९६ झाले! जें व्याज भावांत लपतें, तें वहींत दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं, त्याविरुद्ध तक्रार तरी कशी करावी?

आतां तीच बाई एखाद्या बचत गटांतून दरमहा दरशेंकडा २ प्रमाणें १०,००० रुपये घेते असें समजा. पांच महिन्यांचें व्याज १,००० रुपये झालें. माल मात्र तिचा मोकळा राहिला. २०० रुपये भावानें तो विकला, तरी मागच्यापेक्षां ३,००० रुपये तिच्या पदरांत अधिक पडले. शिवाय निम्मा माल घरांत ठेवून पुढें भाव वाढण्याची वाट पाहण्याची मोकळीक तिला मिळाली. निम्माच म्हणतों, याचें कारण असें कीं, भाव वाढेलच अशी हमी कोणी दिलेली नाहीं. पावसाळी हवेनें फोडी काळवंडतात, पोत्यांस ओल लागते आणि वजन घटतें. सगळा माल धरून ठेवणें हा सट्टा होय. निम्मा विकून गरज भागवावी आणि निम्मा कोरड्या जागीं, जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवावा, हा व्यवहार होय.

मग सरळ बँकेकडे कां जाऊं नये? बँक विचारते, तारण काय? येथें सातपुड्याची एक विशेष अडचण आहे. या भागांत पूर्वीं कर्जापायीं पुष्कळ जमिनी आदिवासींच्या हातून गेल्या. १९७० नंतरच्या वर्षांत शहादें-तळोदें भागांत अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं त्या जमिनींसाठीं लढा दिला. आणि १९७४ सालच्या कायद्यानें आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्रांत कडक निर्बंध आले. पुढें २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनजमिनीचे जे हक्क मिळाले, तेहि वारसांकडे जातात, पण विकतां किंवा दुसऱ्याच्या नांवें करतां येत नाहींत. हे निर्बंध योग्यच आहेत. त्यांच्यावांचून ही जमीन आज कोणाच्या नांवावर असती, तें सांगणें कठीण नाहीं. परंतु जी जमीन विकतां येत नाहीं, ती तारण म्हणून बँकेच्या फारशी उपयोगी पडत नाहीं. जमिनीचें रक्षण करणारी भिंत, नकळत कां होईना, कर्जाच्याहि आड उभी राहते.

तेव्हां या मुलुखांत प्रश्न असा उरतो कीं, जमिनीखेरीज तारण म्हणून माणसाजवळ दुसरें काय आहे? माझ्या मतें याचें उत्तर काठीच्या होळींतच आहे. त्या होळींत बावा, बुध्या यांचे वेष घेऊन नाचणारे लोक आधीं कित्येक दिवस 'पालनी' पाळतात. जमिनीवर निजावयाचें, ब्रह्मचर्य राखावयाचें, असे तिचे कडक नियम असतात. हे नियम मोडल्यास कोणी शिपाई पकडावयास येत नाहीं, कीं कोणी जप्ती आणीत नाहीं. तरीहि ते पाळले जातात, कारण व्रत देवाच्या नांवें आणि सर्व गांवाच्या देखत घेतलेलें असतें. चार माणसांसमोर दिलेला शब्द ज्या समाजांत एवढा मोलाचा आहे, तेथें तारण नाहीं असें कोणीं म्हणावें? तें तारण बँकेस वाचतां येईल अशा लिपींत मांडलेलें नाहीं, एवढेंच.

ही केवळ कल्पना नाहीं. बांगलादेशांतील चितगांवजवळच्या जोब्रा गांवीं १९७६ सालीं मुहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनीं ४२ माणसांस मिळून अवघे २७ डॉलर स्वतःच्या खिशांतून कर्जाऊ दिले. त्या प्रयोगांतून पुढें ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ सालीं त्या बँकेस व युनूस यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत १९९२ सालीं नाबार्डनें बचत गटांस बँकांशीं जोडण्याचा प्रयोग ५०० गट डोळ्यांपुढें ठेवून आरंभिला.

आपल्या महाराष्ट्रांतील गोष्ट तर अधिक बोलकी आहे. सातारा जिल्ह्यांत माण तालुका हा दुष्काळी मुलूख. तेथील म्हसवड गांवीं चेतना सिन्हा यांनीं स्त्रियांची बँक काढावयाचें ठरविलें. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनें नाकारला, कारण कागदावर पुष्कळशा सह्यांऐवजीं अंगठे होते. त्या स्त्रियांनीं अक्षरओळख करून घेतली आणि त्या पुन्हां अधिकाऱ्यांपुढें जाऊन उभ्या राहिल्या. आम्हांस वाचतां येत नसेल, पण व्याजाचा हिशेब घालून पाहा, असें त्यांचें म्हणणें होतें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ज्यांच्या अंगठ्यांस नकार मिळाला होता, त्यांच्या तोंडच्या हिशेबास मान्यता मिळाली!

भांडवल किती असावें, याविषयींहि एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. मुंबईंत गिरगांवांतील सात स्त्रियांनीं छगनलाल पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले आणि १९५९ सालीं १५ मार्च रोजीं गच्चीवर बसून पापडांचीं चार पाकिटें तयार केलीं. तोच पुढें 'लिज्जत' झाला. त्या ८० रुपयांत यंत्र येणार नव्हतें; पीठमसाला व लाटण्यापुरतें सामान येणार होतें. त्यांनीं देणगी घेतली नाहीं, कर्ज घेतलें. आणि तेंहि पुढचा माल विकून फिटेल एवढेंच घेतलें. धंदा मोठा व्हावयाचा असेल तर तो विक्रीनें मोठा व्हावा, कर्जानें नव्हे, हा धडा त्यांत आहे.

हें सर्व ध्यानांत घेऊन काठीच्या त्या कुटुंबानें काय करावें? मला तीन पायऱ्या दिसतात, आणि त्या क्रमानेंच चढाव्या असें वाटतें.

पहिली पायरी स्वतःच्या बचतीची व गटाची. बारा बायकांनीं दरमहा शंभर रुपये टाकले, तर वर्षाचे १४,४०० रुपये होतात. रक्कम मोठी नव्हे. पण एकीदोघींचा माल व्यापाऱ्याच्या उचलींतून सोडविण्यास ती पुरते. बैठक नियमित, बचत नियमित, आंतल्या आंत कर्जवाटप नियमित, परतफेड नियमित आणि लेखन नियमित, अशी पांच सूत्रें गटांस शिकविलीं जातात. त्यांतील पांचवें सूत्र सर्वांत दुर्लक्षिलें जातें, आणि बँकेच्या दारांत नेमकें तेंच उपयोगी पडतें. पाड्यावर कोण शब्दाचा पक्का आहे हें सर्वांस ठाऊक असतें. बँकेच्या अधिकाऱ्यास तें ठाऊक नसतें, आणि तो दर कांहीं वर्षांनीं बदलूनहि जातो. गटाची वही ही त्या दोघांमधली दुभाषी आहे.

दुसरी पायरी गटास मिळणाऱ्या बँकेच्या कर्जाची. गट किमान सहा महिने नीट चाललेला असला, कीं तो यास पात्र होतो. ग्रामीण उपजीविका अभियान महाराष्ट्रांत 'उमेद' या नांवानें चालतें. त्याच्या नियमांप्रमाणें स्त्रियांच्या गटास १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठीं तारण मागावयाचें नसतें, आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाहि चढवावयाचा नसतो. ३ लाखांपर्यंतच्या कर्जाचा व्याजाचा दर २०२२-२३ पासून दरसाल दरशेंकडा ७ असा ठरविण्यांत आला. मघाच्या ९६ शेजारीं हा ७ चा आंकडा ठेवून पाहिला, म्हणजे वही लिहिण्याचे कष्ट कोणास जड वाटूं नयेत. राष्ट्रीय अनुसूचित जमाती वित्त व विकास महामंडळाची आदिवासी स्त्रियांसाठीं स्वतंत्र योजना आहे. तिच्यांत २ लाखांपर्यंतच्या धंद्यास खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज दरसाल दरशेंकडा ४ व्याजानें देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रांत यासाठीं शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे विचारणा करावी.

तिसरी पायरी स्वतःच्या नांवें धंदा उभारण्याची. माल दोन-तीन हंगाम विकला, गिऱ्हाईक ठरलें, आणि मग दळण्याचें यंत्र, पाकिटें बांधण्याचें यंत्र किंवा वाळवणीची शेड हवी असें वाटलें, म्हणजे ही पायरी आली. २०१५ सालीं ८ एप्रिल रोजीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत 'शिशु' या वर्गाखालीं ५०,००० रुपयांपर्यंत बिनतारण कर्ज आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ सालचा. ग्रामीण भागांतील अनुसूचित जमातीच्या अर्जदारास त्यांत प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान ठेवलेलें होतें, आणि स्वतःचा वांटा ५ टक्केच मागितलेला होता. दहा लाखांपर्यंतच्या उत्पादनाच्या धंद्यास शिक्षणाची अटहि नव्हती. खाद्यपदार्थांच्या सूक्ष्म उद्योगांसाठीं २०२० सालीं निघालेल्या केंद्राच्या योजनेंतहि ३५ टक्के, आणि कमाल १० लाख, अनुदान होतें. अशा योजनांचे आंकडे व मुदती बदलत असतात. म्हणून अर्ज करण्याच्या वर्षीं जिल्हा उद्योग केंद्रांत जाऊन चालू नियम स्वतः वाचून घ्यावे.

अनुदान या शब्दानें पुष्कळांची फसगत होते, म्हणून त्याविषयीं थोडें स्पष्ट बोलतों. रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या रीतीप्रमाणें ३५ टक्के ही रक्कम कोणाच्या हातांत रोख पडत नसे. ती बँकेंत तीन वर्षें ठेव म्हणून राही, तेवढ्या भागावर व्याज लागत नसे, आणि धंदा चालूं असल्याची खात्री झाल्यावर ती कर्जांत वळती होई. म्हणजे अनुदान हें धंदा चालविल्याचें बक्षीस होतें. धंदा मांडल्याचा इनाम नव्हता. अनुदानाकडे पाहून ज्यानें नको तेवढें मोठें यंत्र घेतलें, त्याचें यंत्र कोपऱ्यांत गंजतें आणि हप्ता मात्र दर महिन्यास दारांत येऊन उभा राहतो. कैरीचा हंगाम दीडदोन महिन्यांचा; हप्ते बारा महिन्यांचे. जो धंदा हंगामीं आहे, त्याचें कर्जहि हंगामीं असावें, आणि परतफेडीचे दिवस विक्रीच्या दिवसांशीं जुळवून घ्यावे, हें बँकेच्या अधिकाऱ्यास अर्जाच्या वेळींच मोकळेपणानें सांगावें. कर्ज मंजूर झाल्यावर सांगून उपयोग होत नाहीं.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. कर्ज मिळवून देतों असें म्हणून आधीं पैसे मागणारा मनुष्य दिसला, कीं त्यास दुरूनच नमस्कार करावा. दुसरें असें कीं, एका कर्जाचा हप्ता भागविण्यासाठीं दुसरें कर्ज कधीं घेऊं नये. गटाचें कर्ज फेडण्यास पुन्हां व्यापाऱ्याची उचल घेतली, तर माल पुन्हां बांधला गेला आणि केलेली सर्व मेहनत फुकट गेली असें समजावें. आजारपण व लग्न यांसाठीं लागणारा पैसा आणि धंद्याचा पैसा यांच्या पिशव्या वेगळ्या ठेवाव्या. ही शिस्त सर्वांत कठीण आहे हें मी जाणतों. घरांत मूल तापानें फणफणलें असतां धंद्याची पिशवी बांधून ठेवा, असें कोण म्हणेल? म्हणूनच गटानें अडीअडचणीसाठीं एक निराळी लहानशी रक्कम बाजूस काढून ठेवावी. व्यापारी रात्रीं दार उघडतो हा त्याचा मोठा गुण मीं आरंभीं सांगितला. गटाचें दारहि रात्रीं उघडलें पाहिजे. नाहीं तर बाई पुन्हां त्याच्याच दारीं जाईल, आणि तिला दोष देतां येणार नाहीं.

श्रोतेहो, देशांतील पहिलें आधार कार्ड २०१० सालीं २९ सप्टेंबर रोजीं याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं दिलें गेलें. मनुष्य कोण, हें सांगणारा कागद या जिल्ह्यांत सर्वांच्या आधीं आला. आतां तो मनुष्य शब्दाचा कसा आहे, हें सांगणारा कागद तयार व्हावयाचा आहे; आणि तो कोणत्याहि कचेरींतून मिळणार नाहीं. तो महिन्यामहिन्यास, दिव्याच्या उजेडांत, बारा बायकांनीं मिळून लिहावयाचा आहे.

येत्या होळीस जीं कुटुंबें काठीस परततील, त्यांनीं परत मजुरीस निघण्यापूर्वीं एक संध्याकाळ यासाठीं काढावी. घरांत किती आमचूर होतो, गेल्या वर्षीं तो कोणत्या आठवड्यांत व कोणत्या भावानें गेला, आणि उचल किती होती, या तीन गोष्टी एका कागदावर लिहाव्या. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्याव्या. तो कागद घेऊन मग गटांत बसावें. किती पैसे हवे, किती दिवसांसाठीं हवे आणि ते कशांतून फिटतील, याचें उत्तर त्यावर आपोआप दिसेल. बँकेचा अधिकारीहि पहिल्या भेटींत हेंच तीन प्रश्न विचारील.